जांघेतलं दुखणं

अलीगंज, लखनौ
१४ ऑक्टोबर १९८५

चि. विनीतास, सप्रेम जयभीम.

तुला लिहिलेलं हे चौथं पत्र. आधीची तीन माझ्या कपाटातच आहेत.

आज दवाखान्यात एक धावपटू मुलगी आली. जांघेत दुखतं म्हणाली. दुखणं हाडाचं आहे का ते पाहायला मी तिला दुखऱ्या पायावर उडी मारायला लावलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला आणि मला तू दिसलीस.

सात वर्षांपूर्वी तूही अशीच आली होतीस. शर्यत चार दिवसांवर होती. "मामा, हड्डी में दर्द है, अंदर," म्हणालीस. "स्नायू ताणलाय, दौड़ ले," म्हणून मी मलम दिलं. एक्स-रे काढला नाही. हाडाला आधीच बारीक चीर गेली होती. शेवटच्या वळणावर ते खुब्यापाशी मोडलं.

तुझ्या बाबांनी विचारलं, "हरिहरराव, हिनं तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

मी "नाही" म्हणालो. तू स्ट्रेचरवरून माझ्याकडे पाहिलंस आणि गप्प राहिलीस. पोरीनं पदकासाठी दुखणं लपवलं, असंच बाबा पुढे सगळ्यांना सांगत राहिले.

आजच्या मुलीचा मी लगेच एक्स-रे काढला. चीर सापडली, पळणं थांबवलं. तिची आई माझ्या पाया पडली, तेव्हा मला तिथे उभं राहवेना.

बाबा मार्चमध्ये गेले. शेवटचे आठ दिवस मी त्यांच्या उशाशी होतो. "विनीतानं लपवायला नको होतं," असं ते सारखं म्हणत. मी त्यांना चमच्यानं पाणी पाजत राहिलो.

तुझा,
हरिहरमामा