पाणी कुठून येतं

चंदनसार, विरार (पूर्व)
३० जून २०२५

ती. यमुनाताईस,
श्रीरंगचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू माझं अर्धं ऐकतेस आणि उरलेल्या वेळात जेवलास का ते विचारतेस, म्हणून हे पत्र. काल तुला गुडघ्याच्या व्यायामाला न्यायला आलो नाही, कारण गाडीत पाणी भरलं आहे. गाडी पाण्यात असती तर समजण्यासारखं होतं. इथे पाणी गाडीत आहे. विनया पुढच्या सीटवर बसली आणि तिच्या पायाखालचा गालिचा पचपचला. वास असा, की शेजारणीने अर्नाळ्याहून सुकट आणलीत का, अशी आपुलकीने चौकशी केली.

गॅरेजवाल्याने गाडी दोनदा ठेवून घेतली आणि दोन्ही वेळा धुऊन परत दिली. शेवटी मीच शिकायचं ठरवलं. गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक इतक्या वर्षांत प्रथमच उघडलं. भाषा सूत्रांची आहे, भाष्य मात्र कुणी लिहिलेलं नाही. इंजिनातलं तेल मोजायची पट्टी आधी पुसायची, पुन्हा आत घालायची आणि मग वाचायची असते. मी न पुसता वाचली आणि तेल भरपूर आहे म्हणून समाधानाने चहा प्यायलो. काच धुवायचं साबणपाणी रेडिएटरच्या टाकीत ओतणार, तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या बर्नार्डने माझा हात धरला. तेव्हापासून तो माझ्यावर लक्ष ठेवून असतो.

विनयाचं म्हणणं, गणपतीच्या आत गाडी कोरडी झाली नाही तर विकायची. तिच्या ऑफिसातला एक जण घ्यायला तयार आहे. त्याने अजून वास घेतलेला नाही. गाडी गेली तर तुझे रविवार कसे जमायचे, हा खरा घोर. रिक्षाच्या धक्क्यांनी तुझा नवा गुडघा ठणकतो, आणि डॉक्टर म्हणतात व्यायाम सोडू नका.

साबणाला न जुमानणारे काळे हात जोडून,
तुझा श्रीरंग


आगाशी
४ जुलै २०२५

चि. श्रीरंग यास,
ताईचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. त्यावर तुझ्या अंगठ्याचा काळा ठसा उमटलाय, तो तुझ्या अक्षरापेक्षा स्पष्ट आहे.

गाडी विकू नका, असं विनयाला माझ्या वतीने सांग. तुझ्या वतीने सांगून उपयोग नसतो हे मला ठाऊक आहे. माझं ऑपरेशन व्हायच्या आधी तू भाऊबीजेला तेवढा यायचास, तेही घड्याळाकडे बघत. आता दर रविवारी येतोस, चार गोष्टी बोलतोस, केळफुलाची भाजी मागून घेतोस. मी काही म्हणत नाही, आठवलं म्हणून लिहिलं.

गुडघा तसाच आहे. ओट्याच्या पायरीखाली एकटीने पाय उतरत नाही. तू हाताला धरून गाडीपर्यंत नेतोस म्हणून जमतं. तुझ्या भावजींनी विहिरीकडेला लावलेला सोनचाफा यंदा फार फुललाय. शेजारची मर्सी परडी भरून आणते आणि मी ओट्यावर बसून दोन-दोन फुलं केळीच्या सोपटाच्या धाग्याने बांधते. तेवढंच बसल्या जागी होतं.

आणि घाईने काही उघडू नकोस. लहानपणी तू उघडलेलं अप्पांचं घड्याळ अजून डब्यातच आहे.

उत्तर लवकर धाड. स्वतः आलास तर उत्तर नको.
तुझी ताई


चंदनसार
१४ जुलै २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दारांची रबरं बदलली. एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी तारेने साफ केली. पाणी होतं तिथेच होतं. विनयाने त्या गृहस्थांना गाडी बघायला बोलावलंसुद्धा. मग बर्नार्डने मला सीटसमोर पाय ठेवतात तिथे डोकं घालून, टॉर्च घेऊन गाडीत निजवलं आणि बाहेरून काचेवर पाइपाने पाणी सोडलं. सरळ माझ्या कपाळावर अभिषेक. त्याने वरून विचारलं, काही दिसलं का. मी म्हटलं, अगदी स्पष्ट.

वायपरखाली एक जाळी असते. काचेवरचं पाणी तिच्यातून एका भोकाने खाली जमिनीवर जावं, अशी योजना. भोक बुजलं की पाणी आत घुसतं. जाळी मी स्वतः काढली. क्लिपा तुटल्या, पण काढली. खाली ओंजळभर काळा लगदा होता आणि त्यात केळीच्या सोपटाच्या गाठीच गाठी. फुलं कुजतात, सोपट लवकर कुजत नाही. वरच्या फटीत चाफ्याची एक जोडी अजून खोचलेली होती. तपकिरी पडलेली, पण नाकाशी धरली तर वास होता. बर्नार्ड म्हणाला, कुणीतरी गाडीची पूजा केलेली दिसते. त्यांच्याकडे पवित्र पाणी शिंपडतात, त्याने भोकं बुजत नाहीत.

आमच्या नवव्या मजल्यावर ना चाफा, ना केळ. गाडी मी तुझ्या फाटकाशी लावतो. व्यायामाहून आणून तुला ओट्यावर बसवतो, मग तू मला आत चहा करायला धाडतेस आणि साखरेचा डबा दर रविवारी नव्या ठिकाणी असतो. मी कप घेऊन बाहेर येतो तेव्हा तू ओट्यावरच, जराशी धाप लागलेली. धाप कसली, हे मी आजवर विचारलं नाही. ओट्यापासून फाटक म्हणजे सबंध अंगण, जाऊन-येऊन. ताई, तुझा गुडघा बरा आहे.

मला राग आला होता. तो पत्राच्या या ओळीपर्यंत पुरेल असं वाटलं होतं, पुरला नाही. विनयाला नुसता पाचोळा होता म्हणून सांगितलं. त्या गृहस्थांना तिनेच नाही कळवलं. गालिचा गच्चीत वाळतोय, उन्हाचा पत्ता नाही, तेव्हा येतो २७ तारखेच्या रविवारी. व्यायामाला न्यायला नाही. नुसताच येतो, आणि त्यापुढच्या रविवारीही. अर्नाळ्याला समुद्रावर जाऊ. चाफा मात्र जाळीत नको.

तुझा कोरडा झालेला,
श्रीरंग


आगाशी
१९ जुलै २०२५

चि. श्रीरंग यास,
अ. उ. आ.

सोपट कुणाचं ते मला काय ठाऊक. केळी सगळ्या आगाशीत आहेत. निघणाऱ्याच्या गाडीला वाडीतलं फूल खोचून द्यायची या घरची रीत आहे खरी. तुझे भावजी टेम्पो घेऊन निघायचे तेव्हाही मी खोचत असे. त्या टेम्पोत कधी पाणी शिरलं नाही, तेव्हा दोष तुझ्या गाडीचा.

साखर फडताळात आहे, पहिल्यापासून तिथेच.

२७ला गाडी फाटकापर्यंत आणू नकोस, गल्लीत चिखल आहे. देवळाच्या वळणावर थांब, मी तिथवर येते. मर्सी सोबत येते म्हणाली, तिला नको म्हटलं. काठी दाराआड राहील. चाफा हातात असेल. तो कुठे खोचायचा ते आता तूच दाखव.

वळणावर वाट बघायला लावलीस तर चालत परत जाईन, हे ध्यानात ठेवून लोभ असू दे.
तुझी ताई