पाठमोरी उडी

अकोला,
ता. १४ डिसेंबर १९५८

प्रिय अक्का,

जय भीम. 'तीर्थरूप' लिहिलं की तू रागावतेस, म्हणून साधंच लिहितो. मायचा खोकला कसा आहे? मूर्तिजापुरात थंडी कडक असेल. मी मजेत आहे. बाळापूरचं शूटिंग आटोपलं. पाय थोडा मुरगळला म्हणून अकोल्यातच थांबलोय. काळजीचं कारण नाही.

माय गल्लीभर सांगत सुटलीय, असं तू लिहिलंस. संक्रांतीनंतर इथे तंबूत खेळ लागला की साऱ्या बायांना घेऊन येणार म्हणे, पोरगा हिरो झाला तो पाहायला. अक्का, तिला जरा थांबव. का, ते लिहायला चार दिवस पेन हातात घेतो आणि खाली ठेवतो.

दोन रिळांचा मारामारीचा सिनेमा आहे. गावावर दरोडेखोर येतात आणि एकटा गडी त्यांना लाठीनं झोडपतो. लाठी फिरवणारा दुसरा कोणी मिळेना, म्हणून सिनेमा काढणाऱ्या शालिकरामभाऊंनी मला घेतलं. पहिल्याच दिवशी पाण्याचा प्रसंग होता. लढून आलेल्या हिरोला पाटलीण तांब्याभर पाणी देते. पाटलीण झालेल्या इंदूबाईंनी तांब्या काही सोडला नाही.

"वरून ओतीन मी. त्याले ओंजळ धराले सांगा."

भाऊंनी मला बाजूला घेतलं. "धर ना बाप्पा! सिनेमाच तं हाये. कावून अडून राह्यला?"

"सिनेमा हाये म्हनूनच," मी म्हणालो. "हजार मानसं पायतीन."

दोन वर्षांपूर्वी नागपूरला दीक्षेला आपण पांढरे कपडे घालून उभे होतो. त्यानंतर मी कुणापुढे ओंजळ धरली नाही. तिथेही धरली नाही.

मग ठरलं, तोंड दिसेल तिथे शेषराव. तो इंदूबाईंच्या नात्यातला. लाठी, कुस्ती, आपटणं सगळं माझं, पण पाठमोरं. तेव्हाच घरी निघून यायला हवं होतं. आलो नाही. तुम्हाला हिरो म्हणून सांगून बसलो होतो ना! पाठ तर पाठ, म्हणून राहिलो. त्याची फार लाज वाटते, अक्का.

शेवटी किल्ल्याच्या भिंतीवरून उडी होती. खाली कडब्याच्या पेंढ्या, कॅमेरा वर, माझ्या मागे. रीळ त्या एका उडीपुरतंच उरलेलं. "मांगं पाहू नको," भाऊंनी तीनदा बजावलं. मी तीनदा हो म्हटलं. काठावर उभा राहिलो. खाली नजर ठेवून उडी घेतली असती तर खरचटलंही नसतं, हे मला ठाऊक होतं. पाय सुटले आणि मी मान वळवून थेट कॅमेऱ्यात पाहिलं.

पाय मुरगळलेला नाही. दोन ठिकाणी मोडलाय. हे पत्र दवाखान्यातून लिहितोय.

काल शालिकरामभाऊ आले होते.

"मुद्दाम पायलं ना तू?"

"हो."

"उडी काहाडली तं सिनेमात उरते काय? अन् ठेवली तं हिरोले दोन तोंडं." एवढं म्हणाले आणि उठले. काय करणार, ते त्यांचंही अजून ठरलेलं नाही.

उडी ठेवली तर पापणी लवेपर्यंत मी दिसेन. काढून टाकली तर माय डोळे बारीक करून दोन्ही रिळं मला शोधत बसेल, आणि बाया तिला विचारतील, कुठं हाये वो तुमचा देवमन? पायाचं काय, पाय जुळेल. हे मला सोसवणार नाही. म्हणून तू आधीच तिला सगळं सांग. मला धीर नाही. ऐकूनही यायचंच म्हणाली, तर तिला अगदी पुढे बसव.

तुमच्याशी खोटं बोललेला तुझा भाऊ,
देवमन