इंदू आत्याचा गुडघा

समता कॉलोनी, रायपूर
११ नोव्हेंबर २०२४

ती. इंदू आत्यास,
चेतनाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

माझ्या मागच्या पत्रातल्या चुका लाल शाईनं दाखवून तू ते परत पाठवलंस, त्यावर घरात सगळे पोट धरून हसले. हिंदी शाळेत शिकलेल्या भाचीकडून मराठीत पत्रं लिहवून घ्यायचा तुझा हट्ट मास्तरकीतून रिटायर झाल्यावरही सुटला नाही.

आता पुढचं लिहायला हात धजत नाही. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढे गेलं आहे, आणि ते पुढे ढकलणारी मीच आहे.

झालं असं, की दिवाळीनंतर आमच्याकडे हाडांची ऑपरेशनं झालेल्या दोन पेशंटच्या जखमा चिघळल्या. त्यातली एक इथल्या बूढ़ापारा वस्तीतली मीराबाई नावाची म्हातारी. घरी गेली आणि ताप घेऊन परत भरती झाली. हॉस्पिटलात आलेल्या माणसाला हॉस्पिटलातूनच नवा संसर्ग होऊ नये, हे बघणं उन्हाळ्यापासून माझ्याकडे आहे. कारण सापडेपर्यंत हाडांची ऑपरेशनं बंद ठेवा, असं मी लिहून दिलं आणि अधीक्षक मॅडमनी ते मान्य केलं.

हाडांचे डॉक्टर आधी भडकले. मग शांत झाल्यावर म्हणाले, की सिस्टर, तुमच्या आत्याचं आपण दुसऱ्या थिएटरात करून टाकू, घरच्याच आहेत त्या. मी नाही म्हटलं. औजारं तिथंही त्याच निर्जंतुक करायच्या खोलीतून जातात. आणि बाकीच्यांना परत पाठवून मी माझ्या आत्याला आत घेतलं, तर उद्या माझं कोण ऐकेल?

गौतमदादाला फोन केला होता. आईच्या ऑपरेशनसाठी त्यानं रजा काढली होती. त्यानं सरळ फोन ठेवून दिला.

रागाव, पण माया आटू देऊ नकोस.
तुझी,
चेतना


गोंदिया
१७ नोव्हेंबर २०२४

चि. चेतनास,
आत्याचा जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र वाचलं. चुका काढायचंही मन झालं नाही, त्यावरून काय ते समज.

किती दिवसांपासून मनाची तयारी करून बसली होती मी. कुंड्यांना पाणी घालायले शेजारच्या पोट्टीले सांगून ठेवलं, बॅग भरली. आता ती बॅग रोज माझ्याकडे पाहते अन् मी तिच्याकडे. गौतम तर घरभर तणतण करून राहिला. त्याचं म्हणणं, की घरचं माणूस एवढ्या मोठ्या जागी बसलं अन् काम आपलंच अडलं. मले वाटलं होतं मी तुझी बाजू घेईन, पण नाही घेतली. न्हाणीघरात जायचं तर भिंत धरून जावं लागते मले. तुले तिथून ते कसं दिसणार?

त्या दुसऱ्या थिएटराचं मात्र तू बरोबर केलं. हे मी गौतमले सांगितलं नाही, तुले सांगून राहिली.

अन् ती मीराबाई कशी आहे? तिचं लिही. काहून की आता रोज मले तिचीच आठवण येते.

रागावलेली असली तरी तुझीच,
इंदू आत्या


रायपूर
२९ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

मीराबाईचा ताप उतरला. परवा तिनं नातसुनेकडून चीला, म्हणजे तांदळाचं धिरडं, मागवून खाल्लं आणि वॉर्डातल्या जेवणाला नावं ठेवली. म्हणजे बरी आहे.

कारण सापडलं, आत्या. थिएटरच्या सगळ्या नर्सेसना मी बसवलं, डॉक्टर कोणी नव्हते. म्हटलं, कोणी केलं ते मला नको, कसं झालं ते सांगा, आणि सांगणाऱ्याला काही होणार नाही हा माझा शब्द. दुसऱ्या दिवशी रीना एकटी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. ऑपरेशनची औजारं कापडात बांधून वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करतात, ते काम तिचं. म्हणाली, की दीदी, ऑपरेशनं फार वाढली, वरून सारखी घाई असते, म्हणून गठ्ठे पूर्ण सुकायच्या आत काढत होते. ओल्या कापडातून जंतू पुन्हा आत शिरतात. गठ्ठे तपासायला पाठवले, तर जखमांमधले जंतूच त्यात निघाले.

मग खरी परीक्षा झाली. मॅडम म्हणाल्या, रीनाला निलंबित करा. मी शब्द दिला होता. भर मीटिंगमध्ये उभी राहून म्हटलं, की रीना गेली तर पुढच्या वेळी कोणी तोंड उघडणार नाही आणि आपल्याला कळेल ते पेशंटच्या जखमेतूनच. तिला काढायचं असेल तर ही जबाबदारी माझ्याकडूनही काढून घ्या. आणि माझ्या बाजूनं बोलले कोण, तर आमचे भडकणारे डॉक्टर! म्हणाले, घाई माझ्या यादीची होती, माझीच ऑपरेशनं कमी करा.

रीना राहिली. दुसरं यंत्र येतं आहे, आणि गठ्ठा ओला दिसला तर ऑपरेशन थांबवायचा हक्क आता तिला आहे. पण पोरगी खचली आहे. आमच्यात डबा खायला बसत नाही. बाहेरच्या ओपीडीत बदली मागते आहे.

थिएटर सुरू झालं. तुझी तारीख ९ डिसेंबर. येशील ना?

उत्तराची वाट पाहणारी,
चेतना


गोंदिया
३ डिसेंबर २०२४

चि. चेतनास,
अनेक आशीर्वाद.

येते. पण माझी एक अट आहे. माझ्या गुडघ्याची औजारं रीनानंच तयार करायची अन् तिनंच आणून द्यायची. दुसरं कोणी चालणार नाही.

शाळेत एका पोरीनं खिडकीची काच फोडली अन् स्वतः येऊन सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून वर्गाची किल्ली मी तिच्याकडे दिली. हेडमास्तर म्हणाले होते, बाई, तुम्हाले काही समजते का? मले समजत होतं.

गौतम अजून फुगलेला आहे, पण खालच्या बर्थची तिकिटं त्यानंच काढली. त्याच्याशी तू आधी बोल. लहान आहेस तू.

येतोच आहोत,
इंदू आत्या


गोंदिया
२१ जानेवारी २०२५

चि. चेतनास,
आत्याचा भरभरून जयभीम.

टाके सुकले, जखम स्वच्छ आहे. इथल्या डॉक्टरनं पाहून विचारलं, की कुठं केलं हो आजी? मी ऐटीत सांगितलं, आमच्या चेतनाच्या हॉस्पिटलात. सकाळी काठी घेऊन कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत जाते. तू रायपूरच्या पंडरी कापडबाजारातून आणलेली सुती साडी नेसून गेली, तर भाव करायचाच विसरली. गौतम सगळ्यांना सांगत फिरते, की माझी बहीण तिथं इनचार्ज आहे. याले म्हणतात माणूस!

एक गोष्ट तुले सांगायची राहिली. ऑपरेशनच्या दिवशी तू अन् गौतम बाहेर बसले होते, तेव्हा आत रीना माझ्यापाशी आली. हातात तो गठ्ठा. मी म्हटलं, दाखव. तिनं पुढं केला. वरच्या कापडाले मी हात लावला. उन्हात वाळलेल्या चादरीसारखं कोरडं ठणठणीत होतं. पण पोरगी गठ्ठा खाली ठेवेना. हळूच म्हणाली, की आंटी, इतके लोक होते, तुम्ही मलेच काहून मागितलं? माझ्यामुळं तर हे सगळं झालं.

मी तिले म्हटलं, बेटा, ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं असतं, तर ती ओली औजारं माझ्याच पायात गेली असती. तू बोलली म्हणून कारण सापडलं अन् मी वाचली.

मग ती गठ्ठा नीट जागेवर ठेवून आली अन् कमरेत भुलीची सुई देईस्तोवर माझा हात धरून उभी राहिली.

परवा तिचा फोन आला होता. बदलीचा अर्ज मागं घेतला म्हणे.

सुखात असलेली,
तुझी इंदू आत्या