परत येणारा भाला

१२ नोव्हेंबर, सराव शिबिर

प्रिय दादा,

तुला नमस्कार, आणि हे वाचून दाखवणाऱ्या वहिनीला त्याहून मोठा. वहिनी, मधलं काही गाळू नकोस. गाळताना तुझा आवाज बदलतो, दादाला लगेच कळेल.

इथलं बरं चाललंय. अंतिम फेरी होईपर्यंत सरांनी सगळ्यांचे फोन काढून घेतलेत, म्हणून हा पत्रांचा खटाटोप. रविवारी मी जिंकणार असं स्वयंपाकीसुद्धा धरून चाललाय आणि मला एक अंडं जास्त वाढतो. खरंच, माझा भाला हल्ली कधी नव्हे इतका लांब जातोय. सर खूश आहेत. मी नाही, आणि का ते आता सांगूनच टाकते.

लहानपणी आपल्याकडे एकच भाला होता. मैदानाच्या दोन टोकांना आपण दोघं. मी टाकायचे, तू तो उपटून परत टाकायचास, म्हणजे आणायला चालणं नको. माझा जरा लांब गेला की तू आणखी मागे सरकून उभा राहायचास आणि मी चिडून जोर लावायचे. त्या चिडण्यानेच मला विजेती केलं, सर काहीही म्हणोत.

तर महिन्याभरापूर्वी पहाटे मी एकटीच सरावाला गेले. दाट धुकं होतं. भाला टाकला, आणायला निघाले, तर तो समोरून परत आला आणि माझ्यापासून हातभरावर रुतला. कोणीतरी चेष्टा करतंय म्हणून पलीकडे धावले. कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेपूट डावीकडे हलवत येणारा भाला. दादा, तसा फक्त तुझा येतो. तुझं मनगट शेवटी वळतं, ती खोड मोडायला बाबांनी जिवाचं रान केलं होतं. मी घाबरले, पण खोटं कशाला बोलू, मला आनंदही झाला. गच्चीवरून पडल्यापासून तू बोटही हलवलेलं नाहीस, आणि इथे तू माझ्याशी खेळत होतास. मी रोज टाकत राहिले. तू मागे सरकत गेलास, मी जोर लावत गेले.

मग वहिनीचं पत्र आलं. तुझ्या उजव्या तळव्यावर फोड आलेत. नखांत माती सापडते. पहाटे छाती धावून आल्यासारखी उडते, आणि अंग उतरत चाललंय. डॉक्टरांनी तिला दाराबाहेर नेऊन सांगितलं, "यांचं हृदय हे फार दिवस झेलणार नाही." वहिनी, हेही वाच, त्याला कळायला हवं. पहाटे छाती उडते त्या वेळी तुझा चेहरा हसरा असतो, असंही तिने लिहिलंय. ते वाचून मी खूप रडले.

म्हणून ठरवलं, आता टाकायचं नाही. आज पहाटे भाला खोलीत कुलपात ठेवला आणि तुला नुसतं तेवढं सांगायला रिकाम्या हाताने मैदानावर गेले. तोंड उघडायच्या आत धुक्यातून भाला आला. माझा नव्हे. आपला जुना, बांबूचा, बाबांनी टोकाला लोखंडी नळी ठोकलेला. तो माझ्यासमोर थरथरत उभा राहिला, आणि पलीकडून मला तुझ्या धापा ऐकू आल्या. माझा हात आपोआप पुढे गेला होता. टाकला असता तर तू आणखी मागे सरकला असतास, हे मला माहीत होतं. मी तो उपटून बगलेत धरला आणि परत फिरले.

रविवारी मी उतरणार नाही, असं सरांना सांगून आलेय. ते म्हणाले, मी कच खाल्ली. म्हणू देत.

बांबूचा भाला इथे माझ्या खाटेखाली आहे. वहिनी, तुमच्याकडे तो जिथे ठेवलेला असतो, तिथे जाऊन बघ. हे पत्र परवा पोचेल, मी त्याच्या दुसऱ्या दिवशी. तोवर पहाटे त्याचा उजवा हात दोन्ही हातांनी धरून बस. त्याने ओढला तरी सोडू नकोस.

आणि दादा, तू जिंकलास. पुरे आता. माझ्यासाठी उठून कुठेही जाऊ नकोस, मीच घरी येतेय.

तुझी,
धाकटी