सैल पिशव्यांचे प्रकरण

३ फेब्रुवारी
भाची सानिका नौदलाच्या शिडाच्या नौकेवर. अकरा जणांच्या उदरभरणाचा भार तिच्या शिरी. नौकेवर फ्रीज नाही. म्हणून सुकी खिचडी आमच्या तळवड्याच्या गाळ्यातून गेली: निर्वात पिशव्यांत, अस्मादिकांच्या कठोर देखरेखीखाली. आज तिचा संदेश: "मामा, पिशव्या सैल पडताहेत. आत ओल. बंदर अजून सव्वीस दिवस."
चहा तसाच सोडून गाळ्याकडे प्रस्थान.

४ फेब्रु.
गाळ्यातल्या शिल्लक पिशव्या पाण्यात बुडवून दाबल्या. दहांपैकी तिनांतून बुडबुडे, तेही खिचडीतल्या बटाट्याच्या वाळलेल्या कापांपाशी. त्या कापाची कड म्हणजे पाते. हवा जितकी ओढावी तितकी ती आतून टोचणार. पॅकिंग सांभाळणाऱ्या कावेरीताई (मूळच्या परभणीच्या) शांतपणे म्हणाल्या, "मी तवाच म्हणले होते सर, लई ओढू नका. तुम्ही म्हणलात, शून्य म्हणजे शून्य."
म्हणालो होतो. वर तर्जनीही उगारली होती. अपराध सिद्ध.

५ फेब्रु.
सानिकेस कळवले: प्रत्येक पिशवी दाबून पाहणे. ताठ ती राखून ठेवणे. सैल ती आधी. उघडून, उन्हात पसरून, कोरडी भाजून त्याच दिवशी संपवणे. बुरशी दिसल्यास विनाविलंब समुद्रार्पणमस्तु. रिकामी पिशवी मात्र परत आणणे.
सौ. म्हणाली, "निरोप पाठवताय की शिलालेख कोरताय?"

६ फेब्रु.
उत्तर नाही. कावेरीताई: "फोनकडं बघून जहाज पळतंय व्हय?"

८ फेब्रु.
सानिका: "तिसरा हिस्सा सैल निघाला. काही फेकल्या. बाकीची खिचडी डेकवर वाळत घातली, वाऱ्याने अर्धी माझ्या केसांत. कॅप्टन मॅडम म्हणतात, वाटी लहान केली आणि वारा राहिला तर पुरेल. वारा पडला तर नाही. सगळे हसताहेत. मी नाही."
शेवटचे दोन शब्द पाच वेळा वाचले. तिनेच भर बैठकीत मामाच्या पिशव्यांची हमी घेतली होती.

१० फेब्रु.
पुढच्या टप्प्यासाठी बंदरावर पाठवायच्या दुसऱ्या खेपेस प्रारंभ. काप हद्दपार, बटाट्याचा कीस रुजू. ताईंची सूचना: खिचडी आधी मलमलीच्या पुरचुंडीत, मग पिशवीत. हवा किती ओढायची हेही त्याच ठरवणार. यंत्रावरील हस्तविसर्जनाचा सोहळा सविनय पार पाडला. तरी एक बोट रेंगाळले.
"सर, तेबी काढा."
सायंकाळपर्यंत एकही बुडबुडा नाही.

१४ फेब्रु.
खोकी रवाना. कुरिअरवाल्याने विचारले, "काय आहे यात?"
"पश्चात्ताप."
"बरं. काका, वर नाजूक लिहू का?"
लिहा म्हटले.

१७ फेब्रु.
सानिका: "सैल पिशव्या संपल्या. आज पहिली ताठ उघडली. कोरडी, खणखणीत! कॅप्टन मॅडमनी वाटी पुढे केली आणि अजून चमचाभर मागितली. दिला नाही. दोन दिवस वारा मंद. आहे तसा राहिला तर बंदर पंधरा दिवस. खिचडी सोळा दिवसांची. मामा, आज मीही हसले."
केवळ एका दिवसाचे अंतर! तीन वेळा वजाबाकी केली, वाऱ्याच्या चंचल स्वभावावर कावेरीताईंपुढे सविस्तर निरूपण केले.
"मंग? एक दिवस जास्तच हाय की," त्या म्हणाल्या, आणि नवी पिशवी यंत्राला लावली.