ब्रेकची हवा आणि आईचं जेवण

५ ऑक्टोबर, रविवार
अण्णांशी बोलणं झालं. घरातली जुनी पांढरी गाडी मला मिळणार. दिवाळीला महाबळेश्वरात टॅक्सी! थंड हवा, रोज नवी माणसं, कुणाचं ऐकायचं नाही. वाईचा माझा मित्र यशराज तिथं गाडी चालवतो. म्हणतो, सीझनला माणसं टपावर बसायला तयार असतात.

अट एकच. ब्रेक. पाइपात हवा शिरलीय, पेडल स्पंजासारखं आत जातंय, ब्रेक ऑइल चहासारखं काळं. अण्णा म्हणाले, पुढच्या रविवारपर्यंत उतारावर गाडी थांबवून दाखव, किल्ली तुझी. न्हाई जमलं तर सोमवारी कोरेगाव, मामाच्या खताच्या दुकानात बसायचं, कायमचं.

एवढंच? गॅरेजला देणार नाही. घरीच करणार. टॅक्सीवाल्याला आपली गाडी कळली पाहिजे. व्हिडिओ पाहिला. निम्मा.

परमिट, पिवळी पाटी, पक्कं लायसन: दिवाळीनंतर बघू.

६ ऑक्टोबर
सांगलीहून ऑइल, पाना आणि नळी आणली. सकाळी गेलो, अंधार पडल्यावर आलो. मध्ये मिरजेला जाऊन आलो. काम नव्हतं, पण रस्ता मोकळा होता.

७ ऑक्टोबर
पद्धत सोपी आहे. एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्यानं चाकामागचं निप्पल, म्हणजे हवा काढायचा छोटा स्क्रू, सैल करायचं, की जुनं ऑइल आणि हवा नळीतून बाहेर. निप्पल आवळायचं, मगच पाय सोडायचा. आधी सोडला तर हवा परत आत. असं चारी चाकांना.

पेडलला आई. धाकटी बहीण ब्राह्मी म्हणाली, मला बँकेत एक सायेब हाय, घरात दुसरा नको.

आईनं सकाळीच विचारलं होतं, आत्ता बसू का म्हणून. सकाळी मूड नव्हता. दुपारी यशराजचा फोन. सुरुवात साडेपाचला. आई झकास दाबते. मी ओरडायचं: दाब, धर, सोड. पहिलं चाक झालं. दुसऱ्याचं निप्पल उघडलं आणि आई पाय काढून सरळ खाली उतरली. म्हणाली, दिवस बुडाय लागला, माझं जेवाण ऱ्हायलंय. दिवस मावळल्यावर ती पाणीसुद्धा घेत नाही. जैनाच्या घरात जन्मलोय, हे मला माहीत नाही असं नाही. आज सूर्यच लवकर गेला.

नळीनं सगळी हवा परत आत ओढली. घोट घेतल्यासारखा आवाज आला.

८ ऑक्टोबर
पहाटे उठून करायचं ठरलं. दहाला उठलो. दुपारी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी भरत होतो, तेवढ्यात यशराजनं पाचगणीचे फोटो पाठवले. ऑइल पुढच्या मडगार्डवर सांडलं. थोड्या वेळानं तिथला रंग फुगून आला. आई म्हणाली, पापड बरा फुगलाय. टॅक्सीचा रंग नाहीतरी बदलायचाच आहे.

९ ऑक्टोबर
आज प्लॅन पक्का. आईला पाचलाच जेवायला घातलं. मग पाना सापडेना. सापडला, माझ्याच खिशात. तिसऱ्या चाकाला निप्पल उघडलं आणि बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, आरतीची घंटा झाली. आई उतरली. मी म्हणालो, आगं, देव पाच मिनिटं थांबंल की. ती म्हणाली, देव थांबंल रं, पुजारी न्हाई थांबत.

घोट. परत तोच आवाज.

१० ऑक्टोबर
अण्णा म्हणाले, बघू काय दिवं लावल्यात. घरापुढच्या उतारावर ट्रायल. पेडल जरा मऊ होतं, पण मऊ म्हणजे वाईटच असं नाही, पायाला बरं पडतं. गाडी निघाली. पेडल मारलं. परत मारलं. गाडी थांबली. कडब्याच्या गंजीत शिरून, पण थांबली.

अण्णा म्हणाले, गंजीनं थांबवली, तू न्हाईस. महाबळेश्वरच्या घाटात दर वळणाला गंजी हुबी करणार हाईस व्हय रं?

काच खाली केली तर कडबा आत आला.

११ ऑक्टोबर
चूक सापडली. चूक मनुष्यबळाची आहे. हवा ओढायचा हातपंप मिळतो म्हणे. तो असला की आई नको, सूर्य नको, पुजारी नको. एकट्याचं काम. सांगलीत दोन दुकानं पाहिली, मिळाला नाही. तिथं ओळखीचा राजवर्धन भेटला, बुलेटवर वाईला निघाला होता. म्हटलं, वाईत मिळेल.

वाईत नदीच्या घाटावर बसलोय. यशराजची टॅक्सी पाहिली. मागच्या काचेवर त्याचं नाव आहे. माझ्या काचेवर काय लिहायचं ते आज ठरवून टाकलं. पंपाची दुकानं बंद झाली होती.

१२ ऑक्टोबर, रविवार
चारला घरी. पेडलवर पाय ठेवला. दगड!

सकाळी आई आणि ब्राह्मीनं चारी चाकं केली. आईनं दाबलं, ब्राह्मीनं पाना फिरवला. आई म्हणाली, उजेडात बसलं की हुतंय रं, तुझं दाब-धर-सोड मला पाठ झालंया.

अण्णांना शांतपणे समजावलं, की पद्धत माझी, ट्रेनिंग माझं, हातच तेवढे दुसऱ्यांचे. अण्णा म्हणाले, व्हय, वाईतनं तू लांब पान्यानं फिरवलंस. मग ब्राह्मीनं उतारावर गाडी सोडली आणि गंजीच्या कितीतरी अलीकडं थांबवली.

किल्ली तिला. रोज बँकेत गाडीनं जाणार. मी म्हणालो, रविवार अजून संपला नाही. आई म्हणाली, जेवून घे, दिवस बुडतोय. बॅग भरून ठेवलीया.

१३ ऑक्टोबर
ब्राह्मीनं रजा काढून मला सोडलं. चालवू दे म्हटलं तर म्हणाली, दादा, तू नुसता बस. कराडच्या पुढं म्हणालो, सरळ घेऊ, महाबळेश्वर नुसतं बघून येऊ. तिनं कोरेगावच्या फाट्याला वळवली.

मामाच्या दुकानासमोर वेगात आलो. ती पुढं जाईल असं वाटलं. तिनं ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी, माझं दार बरोबर पायरीला. एवढे चांगले ब्रेक लागायला नको होते.

मामा बाहेर येऊन म्हणाला, बरा आलास गड्या, युरिया उतरवायचाय.

उतरलो.