तुमच्या आजाराची गोळी

दादा, तुमच्या आजारावर आता गोळी आहे. रोज एक, जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी ती आली. ती घेणारी बहुतेक माणसं कामावर जातात, मुलांची लग्नं लावतात, म्हातारी होतात. हे तुम्हाला सांगणं म्हणजे उपाशी माणसाला दुसऱ्याच्या पंगतीचं वर्णन ऐकवणं, असं वाटून मी इतकी वर्षं गप्प राहिले. आता सांगते आहे, कारण ती गोळी तुमच्या लेकीच्याच घरात आली.

तुमचं दुकान आठवतं. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत, रस्त्याकडे तोंड केलेलं शिलाई मशीन, आत कापायचं टेबल, तुमच्या गळ्यात टेप. आजार तुम्हाला डॉक्टरांच्या आधी स्वतःच्या पँटीत दिसला. खांदे उतरत चालले होते आणि कंबर मात्र डावीकडून दाटत होती. शिवण उसवून तुम्ही ती सैल केलीत, पुन्हा केलीत, आणि मग स्वतःसाठी नाडीचे पायजमे शिवायला घेतलेत. पोटात प्लीहा वाढत होती, हे आम्हाला नंतर कळलं. स्वयंपाकघरात आई भाकरी थापते आहे आणि तुम्ही अर्धी खाऊन ताट सरकवता.

"माझ्या हातची चव गेली म्हणा की सरळ," आई म्हणते.

"चव हाय गं. जागा नाय."

आईला ती थट्टा वाटली. पुढे ते वाक्य आठवून ती किती रडली, ते तुम्ही पाहिलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, रक्ताचा कर्करोग आहे, पण सावकाश वाढणारा. पांढऱ्या पेशी दाबून ठेवणाऱ्या कॅप्सूल होत्या. त्यांनी मूळ जाणार नव्हतं. ताप आणणारी महागडी इंजेक्शनं होती. आणि मुळापासून बरं व्हायचं तर सख्ख्या भावंडाची अस्थिमज्जा, तीही जुळली तर, मुंबईला जाऊन, जिवाची जोखीम घेऊन. तुम्हाला एकच बहीण. आत्या सिल्लोडहून आली, सुई पाहताच तिनं डोळे गच्च मिटले. जुळलं नाही. पदर डोळ्यांना लावून ती ओट्यावर बसली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "रडती कशाला? आपलं जमत नाय हे ल्हानपणीच कळालं व्हतं की." तिनं रडता रडता तुमच्या पाठीत धपाटा घातला. कॅप्सूलवर काही वर्षं निघाली. मग आजारानं एकदम रूप बदललं आणि थोड्याच आठवड्यांत तुम्ही गेलात. मी नववीत होते.

माझे यजमान चितेगावच्या एका कारखान्यात आहेत. तिथं दरवर्षी रक्त तपासतात, त्यात सापडलं. तोच आजार. घराण्यातून येत नाही, लागणही होत नाही, योगायोग आहे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तरी मी पुन्हा पुन्हा विचारत राहिले, माझ्यामुळं तर काही झालं नाही ना. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. गोळी सुरू झाली आणि रक्तातल्या आजाराचा माग दर तपासणीत पुसट होत गेला. पुढे तो दिसेनासाच झाला. काही वर्षं तसंच राहिल्यावर गेल्या साली बाई म्हणाल्या, आता गोळी थांबवून पाहता येईल. साधारण निम्म्या लोकांत आजार परततो, म्हणून सुरुवातीला दर महिन्याला रक्त तपासायचं. परतला तर गोळी पुन्हा सुरू करायची, बहुतेकांचा पुन्हा आटोक्यात येतो.

यांना थांबवायची होती. गोळीनं सकाळी डोळे सुजायचे, पोटऱ्यांत गोळे यायचे, कारखान्यात उभं राहणं जड जायचं. मी ऐकेना. निम्मे हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. जेवताना मी म्हणाले, "माझ्या दादांना मिळाली असती तर त्यांनी एक दिवस चुकवली नसती."

यांनी हातातला घास ताटात ठेवला. "मी तुझ्या दादांच्या वाट्याची खात नाही गं," एवढंच म्हणाले.

मी हो म्हणाले. गोळी थांबली. थोड्याच दिवसांत यांचे सांधे दुखायला लागले आणि मी घाबरून बाईंना फोन केला. गोळी सोडल्यावर असं होतं, ओसरेल, असं त्यांनी सांगितलं. ओसरलं. डोळ्यांची सूज गेली. हे सकाळी फिरायला जायला लागले, येताना कढीपत्ता आणायला लागले. मी मात्र यांचा हात धरायच्या निमित्तानं ताप पाहत होते आणि शर्टाला इस्त्री करताना खांदे निरखत होते.

परवाच्या तपासणीत आजार पुन्हा दिसला. फार थोडा, गोळी लगेच सुरू करायची, घाबरण्यासारखं काही नाही, असं बाई म्हणाल्या. रिक्षात हे म्हणाले, "झालं तुझ्या मनासारखं." थट्टेनंच म्हणाले आणि मग घर येईपर्यंत रस्त्याकडे बघत बसले. आईला, सासूबाईंना मी फोनवर सांगितलं की फार वाईट वाटलं.

दादा, हे कागद मी माझ्या साड्यांच्या खाली ठेवणार आहे, यांच्या हाती लागायला नकोत. वाईट वाटलं, पण ते नंतर. बाई बोलत होत्या आणि हे मान खाली घालून ऐकत होते, तेव्हा आधी मला हायसं वाटलं.